यादीबाहेरची रायफल

डेप्युटी शेरीफ कोल मॅकअर्डल पिकअपमधून उतरला तो हातात रायफल घेऊनच. अंगणात उभ्या व्हर्लिन हॅसलरने ती लांबूनच ओळखली.

महिन्यापूर्वी कोठारातून चोरीला गेलेली त्याच्या वडिलांची रायफल! चोरीची तक्रार त्याने केलीच नव्हती. करणार कशी? घरातली प्रत्येक रायफल नोंदवा, असा नियम राज्याने काढला, तेव्हा हा गडी बारमध्ये टेबल बडवून म्हणाला होता, "आज यादीत नाव, उद्या दारात गाडी!" मुदत टळून गेली. कुणी विचारलंच, तर निम्मा गाव सांगायचा तेच तोही सांगायचा: होडी उलटली, बंदुका तळ्यात गेल्या. ऐकणाराही हसून सोडून द्यायचा.

"शेजारच्या काउंटीत एका चोराकडे सापडली," कोल म्हणाला. "दस्त्यावर ओ. एच. कोरलंय. ऑर्व्हिल हॅसलर."

"ओ. एच. काय एकटाच आहे जगात?"

"मिस्टर हॅसलर, हरणाच्या शिकारीला तुमच्या वडिलांनीच नेलं होतं मला. मी ओळखणार नाही?" त्याने फॉर्म पुढे केला. "इथे सही करा. उशिरा नोंदवली तरी यंदा दंड नाही. नाहीतर बेवारस म्हणून शुक्रवारी वितळवायला भट्टीत जाईल."

सरकारी माणूस इतकं गोड बोलतोय म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. व्हर्लिनची नजर कोलच्या छातीवरच्या कॅमेऱ्याकडे गेली. लाल दिवा लागला होता.

"तो कायम चालूच असतो हो," कोल म्हणाला.

"असेल. माझी तळ्यात गेली."

"निदान हातात तरी घेऊन बघा."

"म्हणजे बोटांचे ठसे मिळतील, होय ना रे?" व्हर्लिनने दोन्ही हात खिशात कोंबले. एकदा हातात घेतली तर आपल्याच्याने सोडवणार नाही, हे तो जाणून होता.

कोलचा चेहरा पडला. बॉनेटवर कागद ठेवून त्याने 'मालक सापडला नाही' असं लिहिलं आणि निघून गेला.

"काय म्हणत होता कोल?" बायको लोर्ना दारातून ओरडली. "मामंजींची रायफल सापडली का?"

"दुसऱ्याच कुणाचीतरी होती," व्हर्लिन म्हणाला. बापाचीच ओळख नाकारल्यासारखं वाटून शरमेने त्याचे कान तापले. तरी गाडीमागे धावायला त्याचा पाय काही उचलेना.