जरीब उतरत नाही

जमीन मोजायच्या प्रॅक्टिकलमध्ये मी एकदा नापास झाली, हे आधीच सांगून टाकते. मागून दुसऱ्या कोणी सांगितलं तर मले राग येईन, अन् राग मले लवकर येते. १९८४ चं साल, बी. ए. चं शेवटचं वर्ष. बाकी सारे पेपर पास, अन् भूगोलाच्या ह्या एका परीक्षेनं घात केला. तीन महिन्यांनी पुरवणी परीक्षा होती. तीही गेली की कॉलेज बंद अन् लोधीखेड्याच्या स्थळाले होकार, असं मायनं साफ सांगितलं होतं.

काम तसं सोपं. शेताच्या पाच कोपऱ्यांत खुंट्या ठोकलेल्या. खुंटीपासून खुंटीपर्यंत जरीब, म्हणजे मोजायची लोखंडी साखळी, ओढत न्यायची. होकायंत्रानं दिशा पाहायची अन् सारं कागदावर मांडायचं. शेताले फेरा घालून शेवटची रेघ पहिल्या ठिपक्यावर आली पाहिजे. माही आलीच नाही. बोटभर अलीकडे थांबली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," माह्या वर्गातली सुनंदा म्हणाली. मी तिच्याशी आठ दिवस बोलली नाही.

आता खरी लाजेची गोष्ट. माहा बाप, कवडू सोमकुवर, मध्यप्रदेशातल्या सौंसरजवळच्या आमच्या गावचा कोतवार. गावात दवंडी द्यायची अन् पटवारी, म्हणजे तलाठी, आला की त्याची जरीब ओढायची, हे त्याचं तीस वर्षांचं काम. अन् कॉलेजच्या फॉर्मवर बापाचा धंदा म्हणून मी 'शेती' लिहिलं होतं. कारण पहिल्याच वर्षी वसंत नावाचा एक पोरगा वर्गात कोतवाराच्या दवंडीची नक्कल करे. नाकातून आवाज काढे, काडीनं बाक वाजवे. सारे हसत. मीही हसली. त्या हसण्याची मले अजून लाज वाटते.

म्हणून नापास झाल्यावरही मी बापाले विचारलं नाही. हिंदीतलं जाडं पुस्तक घेऊन ओसरीत बसली अन् घोकत राहिली. बाबा दोन दिवस नुसते पाहत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "प्रमिला, जरीब कुठी ठेवली होती तू?"

"जमिनीवर. अन् कुठी ठेवतात?"

"नाल्याकडच्या उतारावरबी?"

"हो ना."

"मंग कशी रेघ जुळन, बाई? जमीन उतरते, जरीब उतरत नाही."

मले काही समजलं नाही, अन् समजलं नाही म्हणून रागच आला. बाबांनी विहिरीचा दोर घेतला अन् मले नाल्याच्या काठावर नेलं. एक टोक माह्या हाती देऊन जमिनीले टेकवायला लावलं. दुसरं टोक धरून ते चार पावलं खाली उतरले, दोर छातीशी आडवा ताणला अन् हातातून एक खडा सोडला. खडा पडला तिथं काडी रोवली. मग त्या काडीपासून पुढची चार पावलं. असं पायरी-पायरीनं आम्ही नाल्यात पोचलो. मग तोच उतार दोर जमिनीवर टाकून मोजला, तर अंतर दीड हात जास्त भरलं.

"नकाशा म्हणजे घारीनं वरून पाहिलेलं शेत," बाबा म्हणाले. "घारीले उतार दिसत नाही."

पुस्तकात हीच गोष्ट एका ओळीत लिहिली होती. ती ओळ मले तोंडपाठ होती, अर्थ ठाऊक नव्हता. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! त्या दिवसापासून रोज सकाळी बाप-लेक नाल्यावर. हात भरून येत, बाबा ओरडत, मी उलटून बोले. पण शिकली.

पुरवणीले सागरहून परीक्षक आले होते. शेत तेच, अन् जोडीदार कोण, तर वसंत. तोही नापास झालेला. उतारावर आलो तशी मी जरीब छातीशी धरली अन् खडा सोडला.

"काय करून राहिली तू?" वसंत चिडला. "बाकीच्यांचं होत आलं. टाक ना खाली."

"जरीब उतरत नाही," मी म्हणली. "तू गुपचूप काड्या रोव."

आम्ही सगळ्यात शेवटी परतलो; परीक्षक बांधावरून सारं पाहत होते. परीक्षकांच्या समोर कागद पसरला. एक, दोन, तीन, चार रेघा झाल्या. पाचवी ओढली. रेघ गेली अन् पहिल्या ठिपक्यावर जाऊन बसली.

परीक्षकांनी पट्टी लावून पाहिलं. "खडा सोडना किसने सिखाया?"

पटकन 'पुस्तकातून' म्हणता आलं असतं. पण मी म्हणली, "मेरे पिताजी ने. कोतवार हैं. तीस साल से जरीब खींचते हैं."

वसंतची मान खाली गेली. परीक्षक म्हणाले, "उनसे कहना, हम भी यही पढ़ाते हैं. बस इतना अच्छा नहीं पढ़ाते."

घरी बाबांनी एकच विचारलं, "आली का ठिपक्यावर?"

"आली."

त्यांनी मान हलवली अन् बैलाले पाणी दाखवायला गेले.

निकाल महिन्याभरानं लागला. पन्नासपैकी सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन फॉर्मवरचं 'शेती' खोडलं अन् 'कोतवार' लिहिलं, चांगलं ठसठशीत.

त्याच संध्याकाळी बाबा दवंडीले निघाले. डब्यावर काडी वाजली.

"ऐका हो! रेशनची साखर सोमवारी वाटणार हो! पिशवी घरून आणावी हो!"

नेहमी इथं दवंडी संपते. त्या दिवशी डबा पुन्हा वाजला.

"अन् कवडू कोतवाराची पोरगी जमीन मोजण्यात पास झाली हो! पन्नासात सेहेचाळीस हो!"

"अवो, सरकारी दवंडी आहे ना ती!" माय दारातूनच ओरडली. पण बाबा पुढच्या गल्लीत पोचले होते, अन् तिथंही आधी साखर, मग मी. ह्या बारी मी मोठ्यानं हसली, साऱ्या गल्लीले ऐकू जाईन असं.