साडेतीन तोळ्यांचे बाण

विट्याकडच्या सोनं गाळणाऱ्या घरातले वासुदेवकाका तीस वर्षं दुबईत, देऱ्याच्या सोनेबाजारात भट्टीपाशी बसले. मग धग सोसेना झाली तेव्हा भट्टी सुटली, पण वजनकाटा काही सुटला नाही. गेली चार वर्षं ते इंटरनॅशनल सिटीजवळ अर्सलानच्या धनुष्यबाणांच्या दुकानात, मागच्या टेबलावर बाण जुळवत असत. स्वतः त्यांनी एकदाही धनुष्य ओढलेलं नव्हतं. जे कळत होतं ते सगळं वाचून, आणि वाचलेलं सांगतानाही त्यांचा आवाज अर्ध्यातच बसायचा.

मार्च महिन्यात संग्राम दुकानात आला. माणूस मूळचा कराडचा, अजमानला त्याची काँट्रॅक्टिंग कंपनी होती, आणि दरवर्षी परवाना काढून तो नामिबियाला शिकारीला जायचा.

"काका, स्पीड पाहिजे मला. हलका बाण बनवा, एकदम फास्ट," तो म्हणाला.

"कशासाठी?"

"इलँड. हरीणच ते, पण आपल्या खिलार बैलाहून थोराड."

काकांनी मान हलवली. आठवडाभर त्यांनी मिळेल ते वाचून काढलं. पुढच्या खेपेला संग्राम आला तेव्हा खाली बघतच ते म्हणाले, "हलका बाण सुसाट निघतो खरा, पण हाड लागलं की त्याचा जोर तिथंच संपतो. जड बाण हळू जातो, पण आत शिरत राहतो. असं वाचलंय. मी चुकत असेन."

संग्रामनं मान वर केली. मग खुर्ची ओढून जवळ बसला. "चुकत नाही तुम्ही. गेल्या वर्षी माझा बाण कुडू हरणाच्या खांद्यात अडकला. दोन दिवस माग काढला, काका. रक्त दिसायचं, जनावर दिसायचं नाही. घरी कुणाला सांगितलेलं नाही. परत तसं करायचं नाही मला."

मग दोघांनी मिळून बाण ठरवला. कार्बनची ताठ दांडी, दांडीच्या तोंडात पितळेचा वजनदार तुकडा, त्यापुढे दोन धारांचं अखंड पोलादी पातं. एकूण सहाशे तीस ग्रेन. 'साडेतीन तोळे,' काकांनी मनातल्या मनात भाषांतर केलं आणि त्यांना बरं वाटलं. बारा बाण झाले, त्यांच्यावर एक ते बारा आकडे घातले. काट्यावर बाराही सारखे, केसाचाही फरक नाही. दुकानातल्या वीस मीटरच्या पट्ट्यात ते सरळ गेलेही.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला संग्राम काकांना क्लबच्या मैदानावर घेऊन गेला. सोमवारी त्याचं विमान होतं. वाळूच्या बांधापुढे, पन्नास मीटरवर फोमचा मोठा ठोकळा ठेवलेला होता. संग्रामची पंधरा वर्षांची मुलगी अस्मी दुर्बीण लावून बसली.

"फाइव्ह, सेंटर. थ्री, लेफ्ट. नाइन, सेंटर. एट, लेफ्ट अगेन. बाबा, यू आर पंचिंग द ट्रिगर." दोरी सोडायच्या खटक्याला तो हिसका देतो, असं तिचं म्हणणं.

"तू मला शिकवू नकोस. बोर्डाची परीक्षा तुझी आहे."

"आय ॲम ओन्ली रीडिंग द नंबर्स."

"आकडे वाच, भाष्य नको."

तिनं पुढचा आकडा वाचला. "इलेव्हन. लेफ्ट."

तीन, आठ, अकरा. हे तिन्ही आकडे काकांच्या ओळखीचे होते. दुकानात एका पेटीतल्या दांड्या नऊच निघाल्या होत्या. तीन दुसऱ्या पेटीतल्या, त्याच मापाच्या, पण प्रत्येकी सत्तावीस ग्रेननं हलक्या. तेवढी तूट काकांनी भरून काढली होती. शेपटाकडे, दोरीला अडकते त्या खाचेच्या आत, पितळेच्या तारेचा तुकडा बसवून. काटा बरोबर आला, आणि काट्यापलीकडे त्यांनी पाहिलंच नाही. सोन्याची लगड कुठूनही तोला, वजन तेच. बाणाला मात्र तोंड असतं आणि शेपूट असतं. शेपूट जड झालं की लांबवर पात्याचा बाण भरकटतो. हे त्यांनी वाचलेलं होतं, पेन्सिलनं खूणसुद्धा केली होती. तरी हात मात्र सोनाराचाच चालला.

संग्रामनं धनुष्य खाली ठेवलं. "खलास. गेल्या शनिवारीही हेच झालं. जड बाणावर माझा हातच बसत नाही, काका. तुमचा काही दोष नाही. जुने हलकेच नेतो, ते निदान सांगितल्या जागी जातात."

तुमचा दोष नाही, हे ऐकून काकांना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच मग त्यांना लाज वाटली. हलके बाण पुन्हा हाडात अडकणार होते, आणि तेही त्यांच्या गप्प बसण्यामुळे.

"संग्रामराव, हात तुमचा बसलाय. बाण माझे चुकलेत. तीन, आठ आणि अकरा."

त्यांनी सगळं सांगितलं. पेटी, तार, काटा. तीन नंबरची खाच उपसून आतली तार तळहातावर काढून दाखवली. संग्रामनं ती तार उचलून बघितली.

"म्हणजे दोन शनिवार मी स्वतःला शिव्या घातल्या, त्या तुमच्या होत्या?"

"हो. द्या त्या इकडे."

अस्मी फस्सकन हसली. संग्रामला हसू आलं नाही. "आणि बाकीचे नऊ? ते बरोबर आहेत?"

"मला वाटतं..."

"वाटतं नको, काका. तिथं झाडाआड जिवंत जनावर उभं असेल. तुम्हाला वाटतं म्हणून मी दोरी सोडू? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणालात तर फक्त कॅमेरा घेऊन जातो. मनापासून सांगतोय."

चूक कबूल करणं काकांना तसं जड गेलं नव्हतं. आपलं चुकतं, हे ते जन्मभर मानत आले होते. पण 'बरोबर आहे' असं छातीठोकपणे त्यांनी कुणाला कधी सांगितलं होतं, ते त्यांना आठवेना.

त्यांनी पिशवीतून पोलादी पट्टी काढली, कडेवर उभी धरली, आणि नऊ बाण एकेक करून तिच्यावर आडवे तोलले. जिथं बाण स्थिर राहील तिथं पेनानं रेघ मारली. घाम डोळ्यांत उतरत होता. अस्मीनं न सांगता त्यांच्यावर छत्री धरली. नवापैकी सात रेघा एका ओळीत आल्या. दोन नखभर मागे होत्या.

"हे सात मारा," ते म्हणाले.

संग्रामनं सात मारले. अस्मीनं दुर्बीण खाली ठेवली. "ऑल सेंटर. लाइक, अ फिस्ट."

संग्राम काकांकडे वळला. बाण अजून त्यानं पेटीत ठेवले नव्हते.

"सात," काका म्हणाले. "नऊ नाहीत. हे सात बरोबर आहेत."

"नक्की?"

काकांनी पट्टी पिशवीत टाकली. "नक्की."

संग्रामनं सात बाण पुसून पेटीत ठेवले.

"ओन्ली सेव्हन?" अस्मीनं विचारलं.

"मला एकच लागेल, इन्शाल्ला. यल्ला, चला, ऊन तापलं."

परतताना गाडीत काका मागच्या सीटवर होते, मांडीवर उरलेले पाच बाण. तिकडे पोचल्यावर एकदा मारून बघा हं, मी चुकत असेन, असं वाक्य तीनदा त्यांच्या ओठांवर आलं. तिन्ही वेळा ते खिडकीबाहेर बघत राहिले. दुकानाशी उतरल्यावर ते इतकंच म्हणाले, "सावकाश जा."