सोजरकाकींनी घेतलेलं नाव

मूल रडायला लागलं की घरातल्या प्रत्येकाला वैद्यकी सुचते. उत्कर्षाचा लेक महिन्याचा झाला आणि रोज तिन्हीसांजेला रडू लागला, तेव्हा खराडीच्या त्या तीनमजली बंगल्यातही तेच झालं. नवरा म्हणाला, पोटात गॅस आहे. यवतमाळहून तिच्या आईने फोनवर ओव्याची धुरी सांगितली. ऑफिसातल्या मैत्रिणीने हेअर ड्रायरच्या आवाजाचा तासाभराचा व्हिडिओ पाठवला, आणि तोसुद्धा या शहाण्या घराने पोराच्या उशाशी लावून पाहिला. पोराने त्या ड्रायरच्या वरताण आवाज काढला.

कोथरूडला एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी करवली आणि चष्म्यावरून उत्कर्षाकडे बघत म्हणाले, "अहो बाई, मुलं रडतात. हसत जन्मलेलं मूल मी अजून तरी पाहिलेलं नाही."

पण पुढच्या खेपेला वजनाचा काटा बघून तेही गप्प झाले. पोर दूध ओढत नव्हतं. छातीशी धरलं की चार घोट घ्यायचं आणि तोंड फिरवायचं. "आठवड्यात फरक नाही पडला तर ॲडमिट करू," एवढंच ते म्हणाले, आणि या वेळी त्यांना विनोद सुचला नाही.

उत्कर्षाच्या मनात याहून वाईट काहीतरी होतं आणि ते ती कुणाला सांगत नव्हती. पोराने अजून मान धरली नव्हती, पण संध्याकाळी समोरच्या काचेच्या इमारतीत दिवे लागले की त्याचं तोंड बरोबर त्या खिडकीकडे वळायचं. कूस बदलून ठेवा, खोली बदला, पडदा ओढा, काही फरक नाही. आणि तो आवाज तान्ह्या मुलाचा वाटायचा नाही. खोल, घोगरा आणि मध्ये थांबून पुन्हा येणारा. लांबच्या माणसाला हाक मारावी आणि ओ येते का म्हणून कान द्यावा, तसा.

ती काचेची इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती याच घराची. दोन हजार सालाच्या आसपास संगणकवाल्या कंपन्या या बाजूला आल्या आणि उत्कर्षाचे सासरे जयसिंग, म्हणजे आबा, यांनी जमीन विकली. बंगला झाला, दारात गाड्या आल्या, मुलगा पृथ्वीराज इंग्रजी शाळेत गेला. पुढे त्याच इमारतीत नोकरीला आलेली उत्कर्षा त्याला भेटली. आबांनी जिथे ज्वारी काढली, त्याच वावराच्या चौथ्या मजल्यावर सून संगणकापुढे बसत होती. लग्नात आबांनी हे पाहुण्यांना कौतुकाने सांगितलं होतं.

घरात आणखी एक माणूस होतं. सोजरकाकी. आबांच्या धाकट्या भावाची, सोनबाची, बायको. पृथ्वीराजची आई तो लहान असतानाच गेली, त्याला वाढवला तो काकींनी. सोनबाला जमीन विकायची नव्हती. भावाभावांत वाजलं, आणि व्यवहार झाला त्याच आठवड्यात सोनबा घर सोडून गेला. आबांनी चौकशी केली आणि येऊन सांगितलं, की तो आळंदीला दिसला, गळ्यात माळ घातलीय, बैरागी झालाय, म्हणतो परत येत नाही. त्यानंतर त्याचा ठावठिकाणा नाही. काकी मात्र रोज सकाळी आंघोळ करून रुपयाएवढं कुंकू लावत आणि जेवताना एक ताट जास्तीचं मांडत, शेजारी त्याची तंबाखूची डबी ठेवून. आबांच्या समोर त्यांचा पदर डोक्यावरून कधी ढळला नाही आणि आवाजही कधी चढला नाही.

त्या संध्याकाळी पोर रडून निळं पडलं, तेव्हा काकी उत्कर्षाच्या खोलीत आल्या. हातात अंगाऱ्याची वाटी होती.

"पोरी, राग मानू नगं. ह्ये नाव मागतंय."

"नाव?"

"घरातलं कुणीतरी परत आलंय. आपलं नाव दिल्याबिगर गप बसायचं न्हाई. गेलेल्यांची नावं एकेक करून घ्यायची. ज्याचं नाव घेतल्यावर गप बसंल, त्यो आला म्हणायचं."

एरवी उत्कर्षा यावर हसली असती. तिने पोराचं नाव केव्हाच ठरवलं होतं, विहान, आणि पाळण्यावर चिकटवायची अक्षरंसुद्धा आणून ठेवली होती. पण आठवडाभर ज्या बाईचं मूल आपल्या मांडीवर वाळत चाललंय, तिला हसू कुठून येणार? तिने पोराला पुढे केलं.

काकींनी त्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि कानाशी वाकून नावं घेऊ लागल्या. रंगराव, म्हणजे आबांचे वडील. मग त्यांचे वडील महिपती. मग सीताराम. मग बायका, कारण येणारा जीव बाप्याच असतो असं काही नाही. मुक्ताई, आणि कुठल्या कुठल्या आज्या-पणज्या. पृथ्वीराज दारात हाताची घडी घालून उभा होता. आबा बाहेरच्या सोफ्यावर टीव्ही मोठा करून बसले होते. पोर रडत राहिलं.

नावं संपली. काकी वाटी उचलणार, तेवढ्यात पोराने डावी मूठ उघडली आणि उजव्या हाताचा अंगठा त्या तळव्यावर ठेवला. घासला. पुन्हा घासला. मग उजव्या हाताची बोटं तळव्यावर दोनदा आपटली. तंबाखू मळून चुना झटकावा, अगदी तसं.

दीड महिन्याचं मूल. त्याला स्वतःचे हात सापडत नाहीत.

उत्कर्षाने काकींकडे पाहिलं. काकींच्या हातातली वाटी कलली होती, अंगारा चादरीवर सांडत होता आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

"काकी, काय झालं?"

"काय न्हाई," काकी म्हणाल्या आणि भिंतीला धरून खोलीबाहेर गेल्या. त्या रात्री त्यांनी जास्तीचं ताट मांडलं, पण स्वतः जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोराने दूध पूर्ण सोडलं. हॉस्पिटलची पिशवी भरून झाली, पृथ्वीराजने गाडी दारात आणली, आणि समोरच्या इमारतीत दिवे लागले. पोराने हाका मारायला सुरुवात केली. आता त्याच्यात जोर उरला नव्हता, त्यामुळे आवाज आणखीच लांबून येतोय असं वाटत होतं, जमिनीखालून आल्यासारखा. उत्कर्षा त्याला घेऊन दिवाणखान्याच्या मधोमध उभी होती आणि तिला रडू आवरत नव्हतं.

"काकी, अजून एखादं नाव राहिलं असेल हो. कुणाचंही. आठवून बघा ना."

"संपली नावं," आबा सोफ्यावरून तुटकपणे म्हणाले. "दवाखान्यात न्या त्याला. खुळचटपणा पुरे."

काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "एक राहिलंय," त्या म्हणाल्या.

"जित्या माणसाचं नाव घेत न्हाईत!" आबा ताडकन उठले.

टीव्हीवरचा निवेदक बोलत राहिला. कुणाचं नाव, ते काकींनी सांगितलंच नव्हतं. हे उत्कर्षाच्या ध्यानात आलं, पृथ्वीराजच्याही आलं, आणि आबांच्या ध्यानात सगळ्यात शेवटी आलं.

काकी देवघराशेजारच्या आरशापाशी गेल्या. करंडा उघडला, सकाळचं कुंकू पदराने पुसलं आणि नवीन लावलं, सावकाश, एखाद्या नवरीसारखं कोरून. पोर हाका मारतंय आणि ही बाई नटतेय, म्हणून उत्कर्षाला क्षणभर संताप आला. आपण काय मागून बसलो आहोत, हे तिला त्यानंतर समजलं. पोर त्या नावाने गप झालं, तर सोनबा या जगात नाही. आणि नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी तोंडाने न घेतलेली ही बाई ते आज पहिल्यांदा घेणार होती, ते स्वतःचं कुंकू पुसायला.

"काकी, नको," ती म्हणाली. खरं सांगायचं तर ती फक्त म्हणाली. पोराला मात्र तिने मागे घेतलं नाही. आई होती ती.

काकी पोराच्या कानाशी वाकल्या. कुर्र केलं, बारशाला आत्या करते तसं. मग ओठ हलले, पण शब्द निघाला नाही.

"सोनबा," त्या म्हणाल्या.

पोर गप झालं.

हळूहळू शांत झालं असतं, हुंदके दिले असते, तर समाधान तरी वाटलं असतं. इथे मधेच तोडल्यासारखा आवाज थांबला. पोराने डोळे उघडे ठेवून लांब श्वास सोडला आणि ते उत्कर्षाच्या छातीकडे वळून दूध शोधू लागलं. तिने उभ्या उभ्याच पदराआड घेतलं. ते अधाशासारखं प्यायलं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तिला लाज वाटत होती, कारण तिला आनंद झाला होता.

पृथ्वीराज मटकन खाली बसला. "म्हणजे काका..." सगळे हादरले होते. एकटे आबा हादरले नव्हते. ते फक्त दमलेले दिसत होते.

काकींनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा थोरल्या दिरांच्या डोळ्याला डोळा देऊन उभ्या राहिल्या.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

पृथ्वीराजने उठून टीव्ही बंद केला.

"वावरातल्या विहिरीत," आबा म्हणाले. "बुजवायच्या दिवशी पायऱ्यांवर जाऊन बसला. म्हणला, हितनं उठत न्हाई, बघू कोण बुजवतंय. डंपर मागं येत व्हता. डायवरला काय दिसणार? मला दिसत व्हता. नुसता हात वर करायचा व्हता मला."

"मग?"

"वाटलं, उठंल. न्हानपणापासनं हट्टी, पण मी डोळं वटारलं की उठायचा." त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "न्हाई केला वर."

ती विहीर नेमकी कुठे होती, हे उत्कर्षाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ती रोज गाडी लावते त्या तळघराच्या खाली असेल, की कॅन्टीनच्या, की दुपारी चहा घेऊन मैत्रिणींबरोबर बसते त्या हिरवळीच्या? विचारायची तिची छाती झाली नाही.

काकी रडल्या नाहीत. त्या पुढे आल्या आणि त्यांनी पोट भरलेलं पोर उत्कर्षाच्या हातातून घेतलं. उत्कर्षाने ते दिलं, या बाईला नाही म्हणायला तिच्याकडे तोंड कुठलं? काकींनी ते नेऊन आबांच्या मांडीवर ठेवलं.

"हाक मारा," त्या म्हणाल्या. "आता रोज मारायची हाय. ह्यो शाळंत जाईल, त्याचं लगीन हुईल, तवर मारायची हाय. आजपासनं सुरू करा."

गावाला दरडावणाऱ्या आबांच्या आवाजातून कसाबसा एक शब्द बाहेर आला.

"सोनबा..."

पोर हसलं.

दीड महिना उत्कर्षा या हसण्याची वाट बघत होती. पाळण्यावर वाकून खुळखुळे वाजवत होती, तोंडं वेडीवाकडी करत होती, मोबाईल उघडा ठेवून बसत होती की पहिलं हसू हुकायला नको. ते हसू तिचं होतं. आणि ते आबांकडे बघून आलं, बोळकं उघडून, गालांना खळ्या पाडून, आणि त्यात राग कसला तो नव्हता. राग असता तर आबा सावरले असते. पोराने त्यांचं बोट मुठीत धरलं आणि आबा लहान मुलासारखे ओक्साबोक्शी रडू लागले.

"द्या इकडे," उत्कर्षा पुढे झाली. "माझा आहे तो. द्या."

"ऱ्हाऊ दे पोरी जरा," काकी म्हणाल्या. "लई वर्सांनी भेटल्यात भाऊ."

"विहान," उत्कर्षाने हात पुढे करून हाक मारली. मग जरा मोठ्याने, "विहान, इकडे बघ, मम्मा."

पोराने बघितलं नाही. तिचे हात तसेच पुढे होते. मग तिने सासऱ्यांकडे पाहिलं, काकींच्या नव्याने लावलेल्या कुंकवाकडे पाहिलं, डोळे पुसले आणि ज्या नावाची तिला मनापासून भीती वाटत होती त्या नावाने आपल्या लेकाला बोलावलं.

तेव्हा त्याने मान वळवली.