गुंड्याची साखर

शी! शी शी शी! गेला महिनाभर कुसुमावतीबाईंचा दिवस या एकाच शब्दाने सुरू होत होता. सकाळी सातच्या ठोक्याला मागच्या ओट्यावर गोणपाट पसरायचं, त्यावर गुंड्या नावाचा सात किलोंचा धटिंगण बोका दाबून बसवायचा, कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब काढायचा, साखर मोजायची, आणि मग मानेमागची तेलकट कातडी चिमटीत धरून इन्सुलिन टोचायचं. संध्याकाळी सातला पुन्हा तेच. प्रत्येक वेळी हात साबणाने तीनदा धुवायचे. तरी बोटांना मांजराचा वास येतोच, असं त्यांचं ठाम मत होतं.

गुंड्या त्यांचा नव्हताच मुळी. लेक ऋजुता नोकरीसाठी पुण्याला गेली ती त्याला देवासला आईबापांच्या गळ्यात मारून. "आई, कोपऱ्यात पडून असतो गं, काही त्रास नाही." आणि खरंच, चार वर्षं त्याने काही त्रास दिला नाही. मग एकाएकी बादलीत तोंड घालून घटाघटा पाणी पिऊ लागला आणि घरभर मुतू लागला. मोरीत, पायपुसण्यावर, एकदा तर धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत! मोरीतल्या त्या ओघळाला मुंग्यांची रांग लागलेली बाईंनी पाहिली आणि त्यांना भडभडून आलं. पण तीस वर्षं गणित शिकवलेलं डोकं, ओकता ओकतासुद्धा चाललं. मुंग्या कशाला येतात? साखरेला. घरात साखरेचा एक पेशंट आधीच होता, तो म्हणजे त्यांचे यजमान नीलकंठराव. आता दुसरा.

जनावरांचे डॉक्टर दीपेश यांनी तपासून तेच सांगितलं. "आंटीजी, दूध-चावल बंद. सिर्फ उबला चिकन, तोल के, और टाइम पे इंजेक्शन."

चिकन! ज्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नाही, त्या घरात! पण ऋजुता फोनवर रडली, आणि बाईंनी शब्द दिला. नाकाला पदर लावून त्या बसस्टँडमागच्या दुकानात जायच्या. "भिया, हड्डी निकाल के दो, और जरा ढक के दो," असं म्हणताना नजर वर, दुकानाच्या पाटीवर. अंगणात वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. उकळताना तो फेस वर यायचा, राखाडी, चिकट, आणि बाईंच्या घशाशी काहीतरी यायचं. नीलकंठराव लांबूनच म्हणायचे, "अगं, किती करशील त्या मांजरासाठी!"

"मला त्याचा पुळका नाही," बाई फणकारायच्या. "माझ्या हातून मरता कामा नये, एवढंच."

पण लक्षण काही बरं दिसत नव्हतं. साखर काही उतरेना. वहीत रोज आकडा: चारशे दहा, तीनशे नव्वद, चारशे तीस. बाईंनी चिकन ग्रॅमवर तोललं, मिनिटाचा फरक पडू दिला नाही. साखर मोजायची यंत्रं घरात दोन, म्हणून गुंड्याच्या यंत्राला त्यांनी लाल दोरा बांधला होता, चुकून अदलाबदल नको. नीलकंठरावांचा आकडा मात्र तीन वर्षं झकास. डॉक्टर त्यांची पाठ थोपटायचे. बाईंनी पहाराच तसा ठेवला होता.

डॉक्टर दीपेश दर आठवड्याला डोस वाढवत गेले. एक युनिट, दोन, तीन, शेवटी चार. दर वेळी एकच प्रश्न, "और कुछ तो नहीं खाता?"

"अहो, तुम्ही घालता का याला काही?" बाईंनी नवऱ्याला समोर बसवून विचारलं.

"मी? पोळीचा तुकडासुद्धा नाही. देवाशपथ सांगतो." नीलकंठराव खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. बाईंनी विश्वास ठेवला.

मग धारला जानकीवन्संचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि नीलकंठराव बहिणीसाठी तीन दिवस तिकडे गेले. पूजा बाईंवर आली. त्यांनी देवापुढे एक केळं ठेवलं आणि हात जोडले. दूध-साखरेची वाटी ही नवऱ्याच्या घरची रीत, पण दुधाला त्या हात लावत नसत. दुधावरची साय पाहिली की लहानपणापासून त्यांच्या पोटात ढवळायचं, चहासुद्धा कोरा. दहा वाजल्यापासून गुंड्या देवघराच्या उंबऱ्यावर बसून केकाटत होता. "हट् मेल्या, देवाला तरी सोड," म्हणून त्यांनी त्याला हुसकलं.

साडेअकराला घर फार शांत वाटलं. त्यांनी हाका मारल्या. गुंड्या कपडे धुण्याच्या मशीनमागे आडवा पडला होता. मान लटलट हलत होती, पाय ताडताड झटकत होता, तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि खाली सगळं ओलं. कान टोचला. यंत्रावर आकडा आला अठ्ठावीस.

"आंटीजी, फौरन शहद लगाओ मसूड़ों पे!" डॉक्टर फोनवर ओरडले. "रगडो! और ले के आओ!"

चमचा शोधायला वेळ नव्हता. बाईंनी मधाच्या बाटलीत बोट बुडवलं आणि त्या तोंडात घातलं. कालच्या चिकनचा कुजका भपकारा, खरखरीत जीभ, बुळबुळीत हिरड्या. शी! त्या रगडत राहिल्या. लाळ मनगटावरून कोपरापर्यंत आली, लुगड्याचा ओचा मुताने भिजला. "गिळ रे मेल्या, गिळ," त्या म्हणत होत्या, आणि आपण रडतोय याचाही त्यांना राग येत होता. शेवटी त्याने एकदा जीभ फिरवली. तसाच त्याला टॉवेलात गुंडाळून त्या रिक्षात बसल्या.

सलाईन लागलं. दोन तासांनी गुंड्याने डोळे उघडले. डॉक्टर दीपेश डोकं खाजवत म्हणाले, "चार यूनिट तो रोज जा रहा था। आज अलग क्या हुआ, आंटीजी?"

गणिताच्या बाईंना हे कुणी विचारायची गरज नव्हती. सगळं तेच, फक्त एक माणूस घरात नाही. त्यांनी तिथूनच धारला फोन लावला.

"मी कुठे खायला घातलं?" नीलकंठराव बावरले. "नैवेद्याची वाटी तेवढी. प्रसाद तो, प्रसादाला कुणी खाणं म्हणतं का?"

"साखर किती?"

"तीन चमचे. आईच्या वेळेपासून तेवढीच."

"ती वाटी तुम्ही प्यायचात ना?"

"प्यायचोच की. तूच बंद केलंस ना तीन वर्षांपूर्वी! साखरेचा कण पोटात जायला नको म्हणालीस. मग प्रसाद काय मोरीत ओतू? तू दुधाला शिवत नाहीस. हा पायाशी यायचा, आवडीने चाटायचा. जिवाच्या मुखी पडला, मला बरं वाटायचं."

बाईंनी फोन ठेवला. नवऱ्याचा आकडा झकास, म्हणून लोकांना सांगत फिरलो आपण. साखर कुठेच गेली नव्हती. ती रोज सकाळी अकरा वाजता या मुक्या जिवाच्या पोटात जात होती, आणि वरून आपण वही घेऊन हिशेबी तोऱ्यात सुया खुपसत होतो. त्यांना स्वतःचीच एवढी किळस आली की त्या दवाखान्याच्या बेसिनशी जाऊन खरोखरच ओकल्या.

नीलकंठराव परतले. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, आणि सवयीने वाटी भरलीच गेली. नैवेद्य दाखवून ते वाटी हातात घेऊन देवघरात उभे राहिले. पायाशी गुंड्या आला. सलाईनसाठी भादरलेला त्याचा पाय अजून उघडानागडा, गुलाबी दिसत होता. नीलकंठरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"उद्यापासून चमचाभर दूध. साखर नाही," बाई म्हणाल्या.

"देवाला फिकं?"

"देवाला सांगा, घरात दोन पेशंट आहेत."

"आणि आजची वाटी?"

बाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली. वर साय आली होती, सुरकुतलेली, पिवळट. डोळे मिटून त्यांनी वाटी तोंडाला लावली. साय टाळूला चिकटली, पण त्यांनी गिळलं. शेवटच्या घोटापर्यंत गिळलं.

"शी," त्या म्हणाल्या, आणि गुंड्या चाटायला येण्याआधी वाटी घासायला घेतली.