दोन परसांमधला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी दरवाजा आहे, पण माझ्यामागे घर नाही. कॅनडातल्या मिसिसागा शहरात, दोन परसांमधल्या कुंपणात मी उभा आहे. इथे असा दरवाजा कोणी ठेवत नाही. कुंपण घालायचं तेच मुळी शेजारी दिसू नये म्हणून.

पण अलीकडच्या घरातला हेरॉल्ड डाबरे पडला वसईचा. त्याच्या वाडीत शेजाऱ्याकडे जायचं ते मागच्या अंगणातून. पलीकडे नागपूरचे नंदू आणि सुरेखा राहायला आले, तेव्हा एका रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर त्याने करवत काढली आणि नंदूला न विचारताच कुंपण कापलं. त्याच फळ्यांचा मी झालो. मला बिजागऱ्या मिळाल्या, खिट्टी मिळाली. कुलूप लावायचं त्याच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बायको सेलेस्टीन गरमागरम तळलेल्या फुग्यांची, वसईकडच्या गोल पावांची, परडी घेऊन थेट सुरेखाच्या स्वयंपाकघरात शिरली. सुरेखाच्या हातून कढई पडता पडता वाचली.

"आंटी, बेल तरी वाजवायची."

"बेल गेस्टना गं. आम्ही वाडीची माणसं, मागनंच येणार."

कापलेल्या कुंपणावरून नंदू बरेच दिवस धुसफुसत होता. परडी परत करायला मात्र तोच आला, आणि माझ्यातूनच आला.

त्यानंतरची वर्षं माझ्या सुखाची. बर्फ पडला की दोन्ही घरची माणसं आधी माझ्यापुढचा फावड्याने शोव्हल करायची. हेरॉल्ड गेला, सेलेस्टीनचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा सुरेखा रोज सकाळी चहा घेऊन यायची. माझं कौतुक कोणी केलं नाही, पण बिजागऱ्यांना तेल मिळत राहिलं. दरवाजाला आणखी काय हवं?

मग शहर वाढू लागलं. विमानतळावर रोज नवी माणसं उतरत होती. कामं इथे होती, घरं पुरत नव्हती. सुरेखाची लेक रुचा याच गावात वाढली, पण लग्नानंतर तिला नीट खिडकीही नसलेलं बेसमेंटच मिळालं. मोठ्या रस्त्यावर ट्रेनचे रूळ पडायला लागले आणि उंच इमारतीसाठी एक बिल्डर आमच्या गल्लीतली घरं मागू लागला. इमारतीवर माझा राग नाही. माणसाला छप्पर लागतंच.

एका दुपारी सुरेखा माझ्या उंबऱ्यात येऊन थांबली. "आंटी, तुम्ही फक्त नको म्हणा, मी घर सेल करणार नाही."

"तुझी पोरगी अंधारात राहते, आणि तू माझ्या गुडघ्यांसाठी इथे बसणार? गप साइन कर."

"मग तुम्ही पण चला ना, कॉन्डोत."

"हेरॉल्डचं घर आहे. मी नाही हलत."

सुरेखा रडत परत गेली. पोटच्या पोरीपुढे कोणाचं काय चालतं? नंदूने आणि तिने सही केली, आणि त्या पैशातून दूर एक कॉन्डो, म्हणजे फ्लॅट घेऊन रुचासह तिकडे राहायला गेले.

पलीकडचं घर बघता बघता पाडलं आणि तिथे खोल खड्डा खणला. कोणी त्यात पडू नये म्हणून कामगारांनी माझ्या पाठीवर आडव्या फळ्या ठोकल्या. दरवाजाची भिंत झाली. मला फार वाईट वाटलं.

जानेवारीत सेलेस्टीन कचऱ्याची पिशवी घेऊन मागे आली आणि बर्फावरून घसरून पडली. तिला उठता येईना. "सुरेखा," तिने सवयीने हाक मारली. "ए सुरेखा." पलीकडे ड्रिल घरघरत होतं. आत तिचा फोन वाजू लागला, थांबला, पुन्हा वाजू लागला. तो सुरेखाचाच होता, दूरच्या कॉन्डोतून. फोन उचलत नाही म्हणून तिने सेलेस्टीनच्या भाच्याला, ब्रायनला कळवलं. तो येईपर्यंत सेलेस्टीनचे ओठ निळे पडले होते. मी चार पावलांवर उभा होतो आणि मला उघडता येत नव्हतं.

ती वाचली, पण खुब्याचं हाड मोडलं. आता ती या घरी परत येणार नाही. तिचंही घर विकलं गेलं आहे आणि बर्फ वितळला की ते आणि मला पाडायला मशीन येईल.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. इथे टॉवर होईल, त्यात शेकडो दारं असतील आणि प्रत्येकाला मजबूत कुलूप असेल. त्यातल्या एखाद्या दारामागे तुम्ही राहायला आलात, तर सामान लावण्याआधी शेजारचं दार वाजवा आणि तिथे कोण राहतं ते विचारून या. पडलेल्या माणसाला हाक मारायला एक नाव लागतं, आणि त्या नावाचं माणूस भिंतीपलीकडेच असावं लागतं.