सहा दिवस म्हणजे सहाच दिवस

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा लिहिलेल्या शब्दावर फार विश्वास. पाटीवर 'थांबा' लिहिलंय म्हणजे थांबायचं. त्यातून 'जरा हळू जा' असा अर्थ काढणाऱ्याला ते गाडीतून खाली उतरवून पाटी मोठ्यानं वाचायला लावत. पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, पहिलं पानही ते तसंच वाचत. देवानं सहा दिवसांत जग घडवलं असं लिहिलंय, मग सहाच दिवसांत घडवलं. पाळकसाहेब परगावी गेले की चर्चमध्ये उपदेशाला मास्तरच उभे राहत, आणि या विषयावर त्यांची गाडी कधी अडली नव्हती.

अडली ती घरात. एकुलती एक लेक कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची, खडकांची वयं काढायची, आणि ती वयं काही मास्तरांच्या सहा दिवसांत मावणारी नव्हती. कधीकाळी जेवताना बापलेकीची अशी जुंपली की आईनं भरली ताटं उचलली. म्हणाली, "या टेबलावर एकतर जेवण होईल, नाहीतर जगाची उत्पत्ती. दोन्ही नाही." तेव्हापासून विषय बंद. पुढे लेकीचं चर्चला येणंही बंद झालं. मास्तरांनी कारण विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही म्हणा.

अशात वाचनालयानं जाहीर चर्चा ठरवली, आणि सहा दिवस अक्षरशः खरे मानणाऱ्यांच्या बाजूनं पाळकसाहेबांनी मास्तरांचं नाव देऊन टाकलं. त्याच सुमाराला लेक म्हणाली, "बाबा, मला गाडी शिकवा. विद्यार्थ्यांना घेऊन खाणीवर जावं लागतं. दर वेळी कुणाकुणाच्या विनवण्या करू?"

मग रोज सकाळी दोघं गाडीत. लेक स्टिअरिंगला, मास्तर शेजारी, पायाशी शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक. एकदा मोकळ्या रस्त्याला लागल्यावर मास्तर खाकरले.

"सभेत समोरचे माझी कुठे कुठे कोंडी करतील गं?"

"बाबा, आई ताटं उचलेल."

"इथे कुठली ताटं? समोर बघ."

लेक हसली. "बरं. तुम्ही काय बोलणार आहात ते आधी सांगा."

मास्तर सुरू झाले. शास्त्रज्ञांचं काय, आज एक बोलतात, उद्या दुसरं. देव नकोसा झालेले लोक. ठरवून खोटं बोलतात आणि—

"हे काढून टाका."

"का?"

"कारण मी ठरवून खोटं बोलत नाही."

मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी गचकन थांबली, मागून हॉर्नचा भडिमार सुरू झाला.

"मी तुला म्हटलं का?"

"मग कुणाला म्हटलं?"

मास्तरांनी ब्रेकवरचा पाय काढला. हेच वाक्य त्यांनी चर्चमध्ये किती वेळा ठणकावलं होतं! समोर बसून ते ऐकणाऱ्या पोरीला काय वाटलं असेल, हे आज पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात शिरलं. "काढलं," ते हळूच म्हणाले. "गिअर टाक."

त्यानंतर मात्र दोघांना चेव चढला. लेक विरोधी पक्ष झाली. "सूर्य चौथ्या दिवशी, मग आधीचे तीन दिवस कसले?"

"दिवस उजेडानं होतो, आणि उजेड पहिल्याच दिवशी आहे. घरात घड्याळ नव्हतं, तेव्हा सकाळ होत नव्हती का?"

"हे ठेवा. मला पटत नाही, पण ठेवा. दिवस म्हणजे युग असं का नाही?"

"प्रत्येक दिवसाला संध्याकाळ दिलीय, सकाळ दिलीय, वर क्रमांक घातलाय. लिहिणाऱ्यानं आणखी काय करायचं होतं? सहा दिवस काम करा, सातव्या दिवशी विसावा घ्या, ही आज्ञाही त्याच आधारावर आहे. सातवा दिवस युग असता, तर आमची सुट्टी कधी उगवली असती?"

लेक इतकी हसली की गाडी कडेच्या गवतात गेली.

सभेला हॉल गच्च भरला. समोर एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. सहा दिवसांचं ते पान कवितेसारखं वाचावं, असं त्यांनी गोड शब्दांत मांडलं. मास्तरही तोडीस तोड बोलले. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मास्तरांच्याच चर्चमधला विमा एजंट ताडकन उठला.

"हे खडकवाले एकजात लबाड! मास्तर, तुमच्याच घरातली एक बसलीय बघा मागे. सुनावा तिला चार शब्द!"

खसखस पिकली. काहींनी टाळ्याही वाजवल्या. लेकीनं मान खाली घातली. टाळ्या वाजवणारे सगळे मास्तरांच्याच बाजूचे होते.

"ती लबाड नाही," मास्तर म्हणाले. "ती खडक वाचते, मी शास्त्र वाचतो. दोन्ही एकाच हातचं आहे असं मी मानतो, म्हणून शेवटी दोन्ही जुळणार. आज जुळत नाहीत. कशी जुळतील, मला माहीत नाही. पण सहा दिवस खरे ठरवायला पोटच्या पोरीला खोटं पाडावं लागत असेल, तर मी शास्त्र धड वाचलंच नाही." एजंट बसेना, तेव्हा त्यांनी आवाज चढवला. "आणि सहा दिवस म्हणजे सहाच दिवस! त्यावरून मी तसूभर हलणार नाही. बसा आता."

आता टाळ्या भलत्याच बाजूनं आल्या. पहिल्यांदा प्राध्यापिकाबाईंनी वाजवल्या. एजंट मात्र जाताना मास्तरांकडे न बघताच गेला, आणि ते त्यांना लागलं.

लेक पायऱ्यांवर थांबली होती. डोळे लाल, पण चेहरा हसरा. "'मला माहीत नाही' हे कुठे ठरलं होतं आपलं?"

"निघून गेलं तोंडातून."

"बाबा, शनिवारी खाणीवर याल? माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं, असं मानणारी माणसं..."

"ठार वेडी असतात?"

"चिडकी असतात. एकदा त्यांना तुम्हाला बघू दे."

"तुझ्या खडकांपुढे मी काय बोलणार?"

"आधी बघा. मग भांडू."

मास्तर गेले. खाणीत उन्हानं दगड तापले होते. लेकीनं फोडलेल्या खडकाचा एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. आत शिंपल्याचा ठसा होता, रेघ न् रेघ शाबूत. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ तो बघितला.

"काय सुंदर केलंय गं," ते म्हणाले. मग राहवलं नाही. "हा शास्त्रातल्या महापुरातला."

"झाली सुरुवात!" लेक ओरडली. विद्यार्थी हसत हसत भोवती गोळा झाले.

मास्तर एका सपाट दगडावर ऐसपैस बसले, शिंपला मांडीवर ठेवला. "आधी तू सांग," ते म्हणाले. "आज मी मध्ये बोलणार नाही."