खंडेनवमीला न झोपलेलं डबडं

माझ्या डोक्यात काहीही आलं की बाबा त्याला एकच नाव देत : खूळ. २००२ सालचं माझं खूळ म्हणजे बंद पडलेल्या टायपिंग क्लासातून उचलून आणलेले चार जुने कॉम्प्युटर. नवी विंडोज त्यांना पेलत नव्हती, म्हणून मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीतलं लिनक्स मी त्यांच्यावर चढवलं होतं. सिंदी मेघेतल्या आमच्या घराच्या समोरच्या खोलीत मला क्लास काढायचा होता. बाबांचं, म्हणजे ताराचंदांचं, कापडाचं दुकान. त्यांचा त्याच खोलीवर गठ्ठे ठेवायला डोळा होता.

"दसऱ्याच्या सकाळपर्यंत हे डबडे एकमेकाशी बोलले त खोली तुही," ते म्हणाले. "नाई त डबडे भंगारात अन् गठ्ठे खोलीत."

डबडी बोलणार कशी? त्यांच्यातल्या नेटवर्क कार्डांवर कंपनीचं नावसुद्धा नव्हतं, लिनक्स त्यांना ओळख देईना. शेवटी कुण्या अनोळखी भल्या माणसाने लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे ती ओळख पटवून देणारा प्रोग्रॅम, सायबर कॅफेतून फ्लॉपीवर आणला. आता त्याच्यासकट लिनक्सचा गाभा नव्याने बांधायचा होता. नवी मशीन हे अर्ध्या तासात करते, आमच्या म्हाताऱ्या डबड्याला बारा तास हवेत. दोनदा माझ्याच धांदरटपणाने फसलं. तिसऱ्यांदा सुरू केलं ते नवमीच्या सकाळी सहाला. आता मधे थांबलं तर पुन्हा करायला वेळच नव्हता.

आणि ती खंडेनवमी होती, हे मी साफ विसरले होते. त्या दिवशी आमच्याकडे ज्या अवजाराची पूजा होते, त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. बाबांचा कापड मोजायचा गज, कात्री, आईची शिलाई मशीन, सगळ्यांना सुट्टी. नऊ वाजता बाबा हळदीकुंकवाचं ताट घेऊन माझ्यासमोर उभे!

"बंद कर ते. पूजा करतो."

"याची नाई केली त चालत नाई का, बाबा?"

"काऊन? खूळ असलं तरी अवजारच हाय ना?"

मी पडद्याचं बटण दाबलं. बाबांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे पडदा, खाली जमिनीवर ठेवलेलं खोकं म्हणजे त्याचं सामानसुमान. काळ्या पडद्याला त्यांनी कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, वाकून नमस्कार केला. खाली खोकं घरघरतच होतं. मला देवापुढे आणि बाबांपुढे, दोघांपुढेही लाज वाटली. पण खोली हवी होती.

दुपारी दीडला वीज गेली, ती तीन तासांसाठी. इन्व्हर्टर लागला, पण त्याची बॅटरी पंखे चालवून तासाभरात मान टाकायची. आता संपलं, असं मी धरून चालले. तेवढ्यात बाबांनी उठून घरातला एकूणएक पंखा बंद केला.

"आज पंख्यालेबी आराम."

"पंख्याची पूजा कवा केली जी तुम्ही?" आई घाम पुसत भडकली.

"मनातल्या मनात."

ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात ते तीन तास बनियनवर बसून पेपरने वारा घेत राहिले. माणूस हट्टी, पण आज त्याचा हट्ट माझ्या कामी आला, असं मला वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी माळ काढून पडदा चालू केला. बांधणी पूर्ण! तोच गाभा दुसऱ्या मशीनवर चढवला. पहिल्या डबड्याने हाक मारली, दुसऱ्याने ओ दिली, आणि मी किंचाळले. बाबा धावत आले. मला राहवेना.

"बाबा, काल मी खोटी वागली. पडदाच बंद केलता. खालचं चालूच होतं."

"माहीत हाय मले. नमस्काराले वाकलो तवाच घोरून राह्यलं होतं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"बोललो असतो त बंद करा लागलं असतं."

त्यांच्या मानेवर लालभडक घामोळं उठलं होतं. तेव्हा कुठे मला कालचे पंखे आठवले, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"रडू नको," बाबा दाराशी आणून ठेवलेल्या गठ्ठ्यांकडे न बघता म्हणाले. "खोली झाडून घेजो. अन् पहिले पावडर आण, पाठ लय खाजून राह्यली."